लोटननानाचा चान्स

आमच्या गल्लीत कुणी मेलं की दारवर सगळ्यात आधी लोटननाना येतो. दारवर येणं म्हणजे मयताच्या घरी जाऊन बसणं. बाकीची माणसं येतात, टोपी सावरतात, सतरंजीवर बसतात, ‘फार वाईट झालं’ म्हणतात आणि चहा पिऊन जातात. लोटननाना चहा पीत नाही. पाच मिनिटं गप्प बसतो, मग घरातल्या त्यातल्या त्यात शुद्धीवर असलेल्या माणसाकडे सरकतो आणि हळूच विचारतो, “कोठून सुरू व्हयनं? मंग कोठे कोठे गये?”

त्याला कॅन्सर हवा असतो. म्हणजे व्हावा असं नव्हे, पण झालेला असेल तर त्याला सगळं सांगा. हार्ट अटॅक म्हटलं की त्याचं तोंड उतरतं. अपघात म्हटला तर दोन मिनिटांत उठतो. पण कुणी ‘गाठ होती’ म्हणालं की मांडी घालून नीट बसतो आणि खिशातून चष्मा काढतो.

माझा नवरा गेला तेव्हाही आला होता. मी भिंतीला टेकून बसले होते. सरकत सरकत जवळ आला आणि म्हणाला, “अक्का, कोठून सुरू व्हयनं?”

मी म्हटलं, “बैलाच्या शिंगातून.”

“अरेरे,” म्हणाला. ते ‘अरेरे’ माझ्या नवऱ्यासाठी होतं की त्याची फेरी फुकट गेली म्हणून होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

लोटननाना आमच्यापासून तिसऱ्या घरात एकटा राहतो. लग्न केलं नाही. भुसावळच्या रेल्वेत सांधेवाला होता. गाडी कुठल्या रुळावरून कुठल्या रुळावर घ्यायची ते सांधे बदलायचं काम. बाप गँगमन होता, रुळांची देखभाल करणारा, धुळ्याकडचा. म्हणून नानाच्या बोलण्यात ‘शे’ आहे. आम्ही यावलकडची माणसं ‘आहे’ म्हणतो, तो ‘शे’ म्हणतो. आम्ही ‘सगळं’ म्हणतो, तो ‘बठ्ठं’ म्हणतो. पस्तीस वर्षं एकाच जंक्शनात काढली. बढती मिळत होती, पण बदलीवर जावं लागणार होतं, म्हणून घेतली नाही. गल्लीतले लोक म्हणायचे, आळशी आहे. मीही म्हणायचे.

रिटायर झाल्यावर लोक देवाला लागतात. हा पेपरला लागला. दोन मराठी, एक हिंदी. वाचनालयात सकाळी सगळ्यांच्या आधी जातो. राजकारण वाचत नाही, सोन्याचा भाव वाचत नाही. कुठे कोपऱ्यात कॅन्सरवर नवं काही छापून आलं की चार वेळा वाचतो, आणि मग ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. ते कुणी म्हणजे बहुतेक मी. माझा ओटा त्याच्या वाटेवर आहे, त्याला मी काय करणार?

सांगतो मात्र चांगलं. डॉक्टर लोक सांगतात त्यातलं मला अक्षर कळत नाही, आणि नानाचं सगळं कळतं, कारण तो सगळं रेल्वेत सांगतो.

“अक्का, रोग असा लगेच पसरत नही. पहिले तो बारीक स्टेशनवर उभा राहस. सायडिंगला. तव्हाच त्याले धरी लिधा ते काम व्हयनं. तो जंक्शनमा गया की मंग त्याले बठ्ठ्या लाईनी मोकळ्या. यकृत म्हंजे आपलं भुसावळ. तठून मुंबई, नागपूर, सुरत, कोठेबी.”

एकदा फारच उत्साहात आला होता. पेपरात आलं होतं की गाठ जिथे जाणार असते, तिथे ती आधी निरोप पाठवते आणि जागा तयार करून ठेवते.

“म्हंजे दखा अक्का, गाडी येवाना आधी प्लॅटफॉर्म झाडीसन तयार! शास्त्रज्ञ आते तो झाडणारा धरी राह्यनात.”

मी म्हटलं, “आपल्या स्टेशनात तर गाडी गेल्यावरही कुणी झाडत नाही.”

“तेच ते,” म्हणाला. “आपलं शरीर रेल्वेपेक्षा टाईमवर चालस.”

त्याचा आवडता शब्द ‘चान्स’. कुणाला कशाचा चान्स आहे ते तो सांगत फिरतो. पलीकडचा सुधाकर पोट सुटलेला, त्याला आतड्याचा चान्स. शेजारची मंदा अजून चुलीवर पाणी तापवते, तिला फुप्फुसाचा चान्स. पोस्टातला माणूस पत्र द्यायला आला तर त्याच्या पाठीवरचा तीळ बघायला मागितला. तो आता आमच्या गल्लीत सायकलवरून न उतरता पत्रं टाकतो. “चान्स म्हंजे व्हयीच असं नही,” असं नाना लगेच जोडतो, पण तोवर ऐकणाऱ्याचा चहा थंड झालेला असतो.

एकदा म्हणाला, “अक्का, नवीन आलं शे. तंबाखू नही, दारू नही, घरमा कोन्हाले नही, तरीबी व्हस काही लोकेस्ले. पेशी दुप्पट व्हतांना चुकी जास. निस्तं नशीब.”

मी म्हटलं, “एवढे शिकले, एवढी यंत्रं आणली आणि शेवटी नशीबच? हे तर मले चौथीत ठाऊक होतं. मंग शाळा सोडली ते बरंच केलं.”

चार दिवस रुसला होता.

त्याचं दुसरं वेड म्हणजे तीन बोटं. तोंड उघडून आपली तीन बोटं उभी एकावर एक आत गेली तर ठीक. दोनच गेली तर गुटख्यानं तोंड आवळत चाललंय असं समजायचं. सोपं आहे, खोटंही नाही. पण कुठे करायचं ते त्याला समजत नाही. माझ्या नातीला, पल्लवीला बघायला सावद्याकडची माणसं आली होती. मुलगा नोकरीवाला, गोरा, केस मागे वळवलेले. पोहे आले. पल्लवीला विचारून झालं, स्वयंपाक येतो का, शिवण येतं का; हसवून दातही बघून झाले. मग मुलाचा बाप मोठेपणा दाखवत म्हणाला, “तुम्हालाही मुलाला काही विचारायचं असेल तर विचारा.”

कुणी काही विचारायच्या आत नाना कोपऱ्यातून बोलला, “भाऊ, तीन बोटं घाला बरं तोंडमा.”

मुलाला वाटलं थट्टा आहे. हसत हसत घातली. दोन गेली. तिसरं जाईना. पोरानं जबडा ताणला, डोळ्यांत पाणी आलं, तिसरं बोट काही आत गेलं नाही. सगळी बैठक बघत होती. त्याचा बाप उठला आणि म्हणाला, “हे काय जनावरांच्या बाजारात बसलोय काय आपण?”

पल्लवी आतून बाहेर आली, म्हणाली, “इतका वेळ माझे दात बघत होते ते कोणत्या बाजारात होतं?”

स्थळ गेलं. माझ्या मुलानं महिनाभर नानाशी बोलणं टाकलं. पल्लवीनं मात्र त्या दिवसापासून नानाला आजोबा म्हणायला सुरुवात केली.

आता माझ्याशी त्याचं सूत कसं जमलं ते सांगते. आमच्या माहेरच्या गावी दोन-तीन वर्षांनी भाट येतो. त्याच्याकडे पिढ्यापिढ्यांची पोथी असते. कुणाचा बाप कोण, त्याचा बाप कोण, मूळ कुठलं, असं गाऊन दाखवतो, नवीन जन्मलेली पोरं लिहून घेतो. नानानं वाचलं होतं की काही कॅन्सर रक्तातून उतरतात, घरात आधी कुणाकुणाला झाला ते कळलं तर पुढच्याचा अंदाज बांधता येतो. तेव्हा त्याला वाटलं, आपल्याकडे तर आयती पोथी आहे! भाट आलेला कळताच माझ्याबरोबर बस धरून माझ्या माहेरी आला. भाटानं सात पिढ्या म्हटल्या. नानानं डोळे मिटून ऐकल्या. मग विचारलं, “आन् बाया?”

भाट म्हणाला, “बाया काय?”

“बाया कोठे शेत? ह्या सात पिढ्या काय झाडले लागन्यात?”

भाट म्हणाला, “बायांची नावं पोथीत नसतात. पोथी बापाची.”

“आन् मायकडून उतरस ते? स्तनना कॅन्सर मायकडूनबी येस, आत्याकडूनबी येस. तुमनी पोथी अर्धीच शे महाराज!”

भाटाला असं कुणी बोललं नव्हतं. दक्षिणा न घेता उठायला लागला. माझ्या भाच्यानं हातापाया पडून बसवला. परतीच्या बसमध्ये नाना खिडकीबाहेर बघत होता. भुसावळ आलं तेव्हा म्हणाला, “अक्का, बाया कशा मरन्यात ते कोन्हाले माहीत ऱ्हास?”

मी म्हटलं, “म्हाताऱ्या बायाले.”

झालं. दुसऱ्या दिवशी जुन्या कॅलेंडरची पानं आणि लाल पेन घेऊन ओट्यावर हजर. मी सांगायचं, त्यानं मागच्या कोऱ्या बाजूवर झाड काढायचं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. कॅन्सरनं गेलं असेल तर लाल रेघ. आधी माझं घर, मग गल्लीतली सगळी घरं. पंधरा-सोळा कॅलेंडरं झाली.

त्यात मजा अशी, की आमच्या वेळी कॅन्सर कुणाला होतच नव्हता. म्हणजे होत होता, पण त्याला ते नाव नव्हतं. मी सांगायचे, “थोरली मावशी आतून वाहत गेली.” नाना विचारायचा, पाळी गेल्यावर? किती महिने? मग लाल रेघ ओढायचा. “चुलत्याच्या गळ्यात देव बसला, पाणी उतरंना.” लाल रेघ. “आत्याला जावेनं करणी केली, छातीला दगडासारखं झालं.” लाल रेघ. साठ वर्षं आम्ही त्या जावेशी बोललो नव्हतो. नानाच्या एका रेघेनं ती सुटली. बिचारी तोवर मरून गेली होती, नाहीतर जाऊन पाया पडले असते. पडले नसते, पण मनात तरी म्हटलं असतं.

माझ्या आईला तोंडात जखम झाली होती. गालाला भोक पडलं. वास यायचा म्हणून तिचं अंथरूण गोठ्यात टाकलं होतं. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची. भाकर कुस्करून ताकात भिजवून न्यायचे. माझा भाऊ नामदेवही तसाच गेला, त्याचं घशातलं. हे मी नानाला सांगितलं तेव्हा त्यानं रेघ ओढली आणि पेन खाली ठेवलं. माझ्या हातातल्या मशेरीच्या डबीकडे बघत होता.

मशेरी म्हणजे तव्यावर काळी करून कुटलेली तंबाखू. दहा वर्षांची होते तेव्हा आईनंच बोटावर दिली, दात दुखत होता म्हणून. तेव्हापासून सकाळी, दुपारी आणि चहाच्या आधी लावल्याशिवाय मला सुधरत नव्हतं. नाना रोज म्हणायचा, “अक्का, ती डबी फेका.” मी रोज म्हणायचे, “तू आधी जीभ फेक.”

आता खरं सांगते. दिवाळीनंतर माझ्या डाव्या गालात आतून पांढरा चट्टा आला होता. बोट लावलं की खरबरीत लागायचा. दुखत नव्हता. मला तो काय आहे ते ठाऊक होतं, आईचाही तसाच सुरू झाला होता. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की दवाखाना, दवाखाना की कापाकापी, आणि मग गोठा. आता गोठा राहिला नाही, सुनेनं तिथे गाडी लावायला शेड केली आहे. पण मागची खोली आहे. म्हटलं, जितके दिवस जातात तितके जाऊ दे.

थंडीत आमच्याकडे भरिताच्या पार्ट्या असतात. शेतात कपाशीच्या वाळक्या काट्यांवर वांगी भाजायची, हिरव्या मिरच्या आणि लसूण घालून लाकडी बडजीत कुटायची, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुरीबरोबर खायची. त्या वर्षी सुधाकरच्या केळीच्या मळ्यात पार्टी होती. भरीत खाण्यात माझं नाव आहे. पुरुष पाणी पीत उठतात तेव्हा मी वरून कच्ची मिरची मागते. त्या दिवशी पहिला घास घेतला आणि गालात निखारा ठेवल्यासारखं झालं. मी घास तसाच गिळला, ताट बाजूला सारलं, म्हटलं पोट बरं नाही.

सगळ्यांनी ऐकलं आणि खायला लागले. समोर बसलेल्या नानाचा हात मात्र ताटातच राहिला.

संध्याकाळी ओट्यावर आला. चष्मा लावूनच आला होता.

“अक्का, तोंड दखाडा.”

“का, मी घोडी आहे का?”

“मिरची झोंबनी तुमले. मी दखं.”

“तिखट होती.”

“तुमले? तिखट?” त्याला हसूही आलं आणि रडूही आल्यासारखं झालं. “अक्का, हाई बारीक स्टेशन शे. सायडिंगला उभं शे. आताच दखाडा. जंक्शनमा गये ते मंग मना हातमा काहीच नही.”

“तुझ्या हातात आताही काही नाही. तू काय डॉक्टर आहे? तू सांधेवाला.”

“मंग सांधा बदलू द्या ना!”

मी घरात निघून गेले आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, तिसऱ्या दिवशी पुन्हा. सुनेला काही बोलला नाही, मुलाला काही बोलला नाही. गल्लीभर लोकांचे चान्स ओरडत फिरणारा माणूस, माझं मात्र तोंडातून बाहेर काढलं नाही. नुसता येऊन बसायचा. चौथ्या दिवशी मी म्हटलं, “माझ्या आईला दवाखान्यात नेलं होतं. काय झालं? त्यांनीच सांगितलं घरी न्या.”

“कव्हा लई गयथात? गालले भोक पडावर ना?”

भोक पडल्यावरच नेलं होतं. त्याआधी वर्षभर देव, अंगारा आणि शेजारच्या गावातला एक बाबा झाला होता. हे त्याला मीच सांगितलं होतं, त्याच्या कॅलेंडरवर लिहिलेलं होतं.

मग तो उठला. काठी घेतली. म्हणाला, “ठीक शे. पन एक सांगी ठेवस. तुम्ही ह्यानी गयात ते मी तुमना दारवर येवाव नही.”

म्हणजे मी मेले तर तो बसायला येणार नाही. कुठून सुरू झालं, कुठे कुठे गेलं, काही विचारणार नाही. गल्लीतल्या एवढ्या मयतांत त्यानं एक दार चुकवलं नव्हतं.

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. सकाळी म्हटलं, “चल बाबा कुठे चलायचं ते.”

जळगावला गेलो. सुनेला सांगितलं, डोळे दाखवायला जाते. मोठा दवाखाना, लांब रांग, प्रत्येकाच्या हातात फाईल. नानाच्या काखेत कॅलेंडरची गुंडाळी. डॉक्टरीण पल्लवीच्या वयाची होती. माझ्या तोंडात बॅटरी मारली, गाल ओढून बघितला, म्हणाली, “आजी, बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवू. घरात कुणाला असं काही झालं होतं का?”

नानाला हेच हवं होतं. त्यानं टेबलावरची सगळी कागदं बाजूला सारली आणि माझं झाड पसरलं. आई, भाऊ, मावशी, आत्या, चुलता. कोण कितव्या वर्षी, कोण मशेरी लावायचं, कोण विडी ओढायचं. बाहेर रांग ओरडत होती. डॉक्टरीण वाकून बघत राहिली.

“बाबा, लोकांना आजीचं नावसुद्धा सांगता येत नाही,” म्हणाली. “तोंडाच्या बाबतीत रक्तापेक्षा तंबाखूच जास्त. पण हे असं कुणी आणून देत नाही आम्हाला. तुम्ही आजींचे कोण?”

“शेजारी,” नाना म्हणाला.

“मग तुमचीही तपासणी करून टाकू. आलाच आहात तर.” तिनं दुसरा कागद ओढला. “वडील कशानं गेले?”

नाना कॅलेंडर गुंडाळायला लागला.

“आई?”

“माहीत नही.”

मी तर मोठ्यानं हसले. म्हटलं, “अख्ख्या तालुक्याचं मयत तोंडपाठ आणि बापाचं माहीत नाही? तुझा बाप गँगमन नव्हता का? दम्यानं गेला तो. मी दारवर आले होते.”

“तो मना बाप नव्हता,” नाना म्हणाला. “त्यानी माले वाढावं.”

मग त्यानं सांगितलं. माझ्याकडे बघून नाही, टेबलावरच्या त्या कागदाकडे बघून. तीन-चार वर्षांचा असताना भुसावळ स्टेशनात बाकावर सापडला. नाव सांगता येत नव्हतं, गाव सांगता येत नव्हतं. गँगमनला मूलबाळ नव्हतं. आठ दिवस स्टेशनात ठेवून बघितलं, कुणी आलं नाही, मग घरी नेलं. लोटन हे नावही त्याचंच. पुढे रेल्वेतच नोकरी लागली. तिथेच.

“तिथंच?” डॉक्टरीण म्हणाली.

“तठेच,” नाना म्हणाला. “बदली नही लिधी मी.”

डॉक्टरिणीनं त्याच्या कागदावर आई-बापाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ मारली. त्यांना तसंच शिकवलं असेल. पण नाना त्या रेघेकडे असा बघत होता, की मला वाटलं उठून हिच्या हातातलं पेन काढून घ्यावं. त्याचं तोंड तपासलं, तीन बोटं सहज गेली. आयुष्यात सुपारी न खाल्लेला माणूस.

येताना गाडीत मी वर्षं मोजत होते. चार दशकं मी त्याला शेजारी म्हणून ओळखत होते आणि आळशी म्हणत होते.

माझ्या तुकड्याचा रिपोर्ट आठवड्यानं आला. कॅन्सर नव्हता, पण त्या रस्त्याला लागलेला होता. डॉक्टरीण म्हणाली, मशेरी बंद आणि दर तीन महिन्यांनी दाखवायला यायचं. चट्टा जाईलही, राहीलही, बिघडेलही. मी म्हटलं, “म्हणजे चान्स.” ती म्हणाली, “चान्स.” नाना मागे उभा होता, त्याची मान आपोआप हलली.

मशेरी सोडली. सोडली म्हणजे डबी नानानं उचलून नेली आणि कुठे टाकली ते सांगितलं नाही. पंधरा दिवस मी घरात सगळ्यांना शिव्या दिल्या. सुनेला आता सगळं सांगितलं होतं, तिनं मुकाट्यानं ऐकल्या. तेवढं तिला मानलं पाहिजे. मागची खोली कुणी रिकामी केली नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा जळगावला गेलो. दवाखान्यात बाकावर बसलो होतो. नंबर यायला वेळ होता, म्हणून नानाच्या काखेतून कॅलेंडर ओढलं आणि माझं झाड उघडलं. माझा गोल, त्याच्या बाजूला भाऊ नामदेवचा चौकोन, त्यावर लाल रेघ. आणि त्याच्या पलीकडे आणखी एक चौकोन होता. पेन्सिलीनं काढलेला, अगदी फिका. नाव नव्हतं. वरून आईच्या गोलापासून एक बारीक रेघ त्याच्यापर्यंत आली होती.

“हा कोण रे?”

नाना समोरच्या भिंतीकडे बघायला लागला.

“मले एकच भाऊ होता. हा दुसरा कोण आणला तू?”

“पेन्सिलघाई काढेल शे,” तो म्हणाला. “तुम्ही नको म्हनशात ते खोडी टाकसू.”

मला एवढा वेळ लागला समजायला. म्हातारपणी डोकं हळू चालतं. समजलं तेव्हा राग आला.

“अरे गाढवा,” मी म्हटलं, “एवढी झाडं काढली तू. काढायचंच होतं तर एखादं धडधाकट घर बघायचं. सुधाकरचं बघ, शंभर वर्षं जगून झोपेत मरतात. आमच्या घरात काय आहे? आईच्या गालाला भोक, भावाचा घसा, मावशी, आत्या. चुलत्यालाही सोडलं नाही. नुसत्या लाल रेघा!”

“माहीत शे,” नाना म्हणाला. “मीच ओढेल शेत.”

तेवढ्यात आमचा नंबर आला. डॉक्टरिणीनं माझं तोंड बघितलं. चट्टा होता तेवढाच होता, वाढला नव्हता. मग तिनं नानाला विचारलं, “बाबा, तुमचं काय?” आणि त्याचा जुना कागद काढला. ती आडवी रेघ तशीच होती.

मी म्हटलं, “बाई, याचं चुकलं आहे त्यात. नीट लिही. आई तोंडाच्या कॅन्सरनं गेली. भाऊ घशाच्या. बहिणीच्या तोंडात पांढरा चट्टा आहे, पण ती अजून भरीत खाते.”

डॉक्टरिणीनं माझ्याकडे बघितलं, मग नानाकडे. तिला सगळं आठवत होतं. म्हणाली, “आजी, हे रक्ताच्या नात्याचं असतं.”

“मग? माझी आई होती ती. मी सांगते ना.”

तिनं काहीतरी लिहिलं. इंग्रजीत होतं, काय ते मी विचारलं नाही. नानानंही विचारलं नाही. मी तिच्याच टेबलावरचं पेन उचललं आणि नानाच्या हातात दिलं. म्हटलं, “आणि तू, पेन्सिलीचं काय काढतो भिकाऱ्यासारखं? गडद कर तो चौकोन.”

त्यानं तिथेच कॅलेंडर पसरून चौकोन गडद केला. एक बाजू वाकडी आली. बाहेर रांग पुन्हा ओरडत होती.

परत येताना गाडी रिकामी होती. त्याला खिडकी दिली. भुसावळ जवळ आलं, रूळ फुटायला लागले, एकाचे दोन, दोनाचे चार. नाना गुडघ्यावर कॅलेंडर धरून बसला होता. बराच वेळ मनाशी काहीतरी जुळवत होता. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “अक्का, मना चान्स वाढना ना आते?”

“वाढला तर.”

“किती, थोडा? का बराच?”

“बराच,” मी म्हटलं.

एवढा खूश झालेला माणूस मी कुणाच्या लग्नातही पाहिला नाही.